लेकीची पांढरी साडी

डांबरगोळीचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. बायकोबरोबर केलेलं शेवटचं काम म्हणजे लेकीच्या लग्नाची साडी घडी करणं. आम्ही बौद्ध, आमच्यात नवरी पांढरी नेसते. खडकीच्या क्वार्टरमध्ये एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. मी डांबरगोळी टाकायला गेलो तर खेकसली, "अहो, जरीचे काठ काळे पडतील! तुमच्या गोळ्या तिकडं दारूगोळ्याच्या कारखान्यात ठेवा." जुन्या धोतरात गुंडाळून तिनं साडी कपाटात ठेवली.

त्याच संध्याकाळी भाकरी थापताना ती कोसळली. गेलीच.

घर माणसांनी भरलं. तिच्या अंगावर घालायला पांढरं कापड हवं होतं. माझ्या थोरल्या बहिणीनं कपाट उघडून साडी काढली. "कोरं पांढरं घरात आहेच की. पोरीला दुसरी घेऊ." लेक दारातच उभी होती.

"आक्का, ठेव ती खाली!"

"अरे, मेलेल्या बाईपेक्षा साडी मोठी झाली का?"

"तिनंच जपलीय. घडी मोडलीस तर याद राख."

तेव्हा वाटलं, लेकीसाठी भांडतोय. आता कळतं, बायकोच्या हातची ती घडी मला मोडू द्यायची नव्हती. लोक म्हणतात, झालं गेलं सोड. का सोडू? आक्काशी मी अजून बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात कापडाचं दुकान उघडेपर्यंत पायरीवर बसलो. दुकानदारानं विचारलं, "पांढरं कशाला हवंय काका, लग्नाला की मयताला?"

"मयताला," मी म्हणालो. "लग्नाचं घरात आहे."