सात रस्त्यावरच्या अठरा घागरी

सकाळी सातला ऋतुजा सात रस्त्याच्या फुटपाथवर गुडघं टेकून घागरीबुडी बटन चिकटवायली हुती. अठरा घागरी, एकामागं एक. घागर उचलली की बटन सुटायचं आन् बारक्या स्पीकरातनं त्या घागरीच्या मालकिनीचा आवाज यायचा. कवा उठली, टँकरची वाट कितीदा बघितली.

ऋतुजा सांगोल्याकडची, मेंढरं राखनाऱ्या घरातली. पुन्यात डिझाइन शिकत्या. तितं सरांनी फळ्यावर देशापुढच्या समस्यांची यादी लिहिली. एकेकानं एक घ्यायची आन् आपल्या जिल्ह्याच्या गावी भर चौकात अशी मांडायची की लोकांनी हात लावून बघावं. पाच नंबरला पानी. घरची रोजची कटकट फळ्यावर बघून तिला लई राग आला. तिनं तीच घेतली.

घागरी गावातल्या. तितं टँकर यायच्या आदी बाया घागर रांगंला लावून कामाला जात्यात. घागर हाय म्हंजी बाई हाय. चुलती केराबाईनं घरोघर फिरून त्या गोळा केल्या. टँकर परवा, तवर परत आनायच्या. गाडीत चढवताना एक म्हातारी म्हनली, "सायेब लोक बघनार म्हनं. मग टँकर रोज ईल की, व्हय गं?"

"बघू," ऋतुजा म्हनली.

सायेब कोनीच येनार नव्हतं. मार्क द्यायला दोन सर येनार हुते. ते ती बोलली न्हाय.

साडेआठला मागच्या गल्लीतली बसम्मा आली. हातातली निळी घागर तिनं रांगंच्या शेवटाला ठिवली.

"टँकर कवा यायलाय गं?"

"टँकर न्हाय मावशी. ह्ये बघायला मांडलंय. उचला की एखादी."

"दुसरीची घागर उचलू? भांडनं लावती काय?"

गावात ऋतुजानं तरी कवा दुसरीची उचलली हुती? दहा वाजस्तोवर मागं तेवीस घागरी लागल्या. तिच्या अठरांपैकी एकीलाबी कोनी शिवलं न्हाय. टँकर न्हाय म्हनून ती सांगत सुटली, पन रांग दिसल्यावर कोन ऐकतंय.

सर आले. "लोकांनीच तुझं काम पुढं नेलं," म्हनून खूश झाले, फोटो काढले. बसम्मानं ते बघितलं. "पानी न्हाय तर रांग कशाला लावली? माझा खाडा झाला," म्हनली आन् घागर उचलून गेली.

ऋतुजा वर्गात पहिली आली. ते तिनं घरी सांगितलं न्हाय.

परत जाताना गाडी केराबाईचा पोरगा बिरुदेव चालवायलता.

"दादा, काकीला काय सांगू? मी समद्यांना फसवलं."

"काय सांगती? घागरी दे आन् गप बस."

तिनं तसंच केलं. मग वरीसभर गावाला गेली न्हाय, केराबाईचा फोन उचलला न्हाय.

पुढल्या उन्हाळ्यात ऋतुजाजवळ बिरुदेवच्या तोंडनं निघालं. सायेब न्हाईत, नुसत्या मार्कासाठी हाय, हे त्याला गाडी ठरवताना तिच्याकडनंच कळलं हुतं, आन् घागरी गोळा करायच्या आदल्या दिवशीच त्यानं आईला सांगितलं हुतं. त्यावर केराबाई म्हनली हुती, "मग घागर कोन दील रं पोरीला?" आन् दारोदार जाऊन, सायेब येनार म्हनून, तिनंच सांगितलं हुतं.