घाटावरच्या गोसाव्याचा शिष्य

घाटावर गोसावी नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, देवळात हात जोडूनसुद्धा नाही. त्या गोसाव्याची बरीच माहिती असणारे लोक मला कोल्हापुरात भेटले आहेत. तो उंच होता, त्याच्या जटा पिवळट होत्या, दुधाशिवाय तो काही घेत नसे. एका गृहस्थांनी तर पहाटे त्याच्या चिमट्याचा आवाज ऐकला होता. मी मान डोलवत राहिलो. गोसावी मीच तयार केला होता, आणि तोही कचेरीत पोचायला उशीर झाला म्हणून. अण्णांबद्दल लिहायचं तर हे आधी सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं पुन्हा खोटंच होईल.

अण्णा आमचे शिरस्तेदार. महाराजांच्या अमदानीत दरबारच्या एका कचेरीत, कोणत्या ते राहू द्या, मी उमेदवार म्हणून लागलो होतो. उमेदवार म्हणजे बिनपगारी कारकून. काम पुरतं, शिव्याही पुरत्या, पगार मात्र कधीतरी कायम झाल्यावर. कायम कुणाला करायचं हे अण्णा ठरवत. अण्णा खोलीत ओरडले की बाहेर उभ्या टांग्यांची घोडी कान टवकारत. ते एका वेळी कधी एकच काम करत नसत. तोंडात पान, उजव्या हातात टाक, डाव्या हातात शिपायाचं मनगट आणि टेबलाखाली पाय जोडा शोधत फिरतोय, असा त्यांचा कारभार. घरी कालवणात मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. वैद्यांनी बजावलं होतं, "अण्णासाहेब, आवरा. एक दिवस डोक्यातली शीर तटकन तुटंल." त्यावर अण्णा वैद्यांवरच ओरडले होते.

त्या दिवशी दरबारचे हत्ती पंचगंगेवर धुवायला आणले होते. मी ते बघत घाटावर बसलो आणि भानावर आलो तेव्हा कचेरी कधीच भरली होती.

"या, जावईबापू!" अण्णा गरजले. "हार घालू, का पानसुपारीवर भागंल?"

"अण्णासाहेब, घाटावर एका गोसाव्यानं आडवलं."

"कामाच्या माणसाला बरा कोण आडवत न्हाय! काय म्हणाला?"

पुढचं मला सुचेना. समोर पान, टाक, शिपाई आणि जोडा एकदम दिसत होते. जे दिसलं त्याच्या उलट बोलून मोकळा झालो. "म्हणाला, तुझ्या सायबाला सांग, एका येळी एकच काम कर. करशील त्यात जीव ठेव. राग आला तर आधी श्वास बघ."

अण्णांनी चावणं थांबवलं. "माझं नाव घेतलं त्यानं?"

"न्हाय जी. ज्याचा आवाज हितं नदीपत्तूर येतोय त्याला सांग, म्हणाला."

शिपायानं तोंडावर उपरणं धरलं. अण्णांनी मात्र त्याचं मनगट सोडलं, टाक ठेवला, पान थुंकून आले आणि मान खाली घालून आपलीच छाती वरखाली होताना पाहत बसले. आवाज नदीपर्यंत जातो हे ऐकून त्यांना धन्य वाटलं असावं. त्या दिवशी कुणालाही शिवी बसली नाही. संध्याकाळी घरी जाताना कारकून मंडळींना चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं.

मग अण्णांना आणखी उपदेश हवासा झाला, आणि मला तो पुरवायची गोडी लागली. चालताना पाऊल बघ, जेवताना घास बघ, ऐकताना माणूस बघ. दर्शनाला येतो म्हणून अण्णा हटून बसले तेव्हा मी गोसाव्याला गिरनारला पाठवून दिलं. तिथून तो अधूनमधून येई, पण नेमका अण्णा कामात असताना.

कचेरीचं रूप पालटलं. अण्णा एक सही करायला लागले की टाक कागदाला टेकतोय, शाई उतरतेय, अक्षर वळतंय, हे सगळं जाणून घेत. मलकापूरकडचा एक शेतकरी सकाळपासून उभा होता. त्यानं शेवटी शिपायाला विचारलं, "सायेब झोपल्यात काय?"

"झोपल्यालं बरं, पावणं," शिपाई म्हणाला. "झोपल्याला हाक मारून उठवता येतंय. हे जागं हायत."

कारकुनांना हा मार्ग फार लवकर पटला. आळसाला आजवर कुणी इतकं चांगलं नाव दिलं नव्हतं. एकानं टाकाच्या टोकाला लोंबणारा शाईचा थेंब बघायला घेतला, तो दुपारपर्यंत बघत बसे. काम का राहिलं असं विचारलं तर दुसरा डोळे मिटून म्हणे, "इचार आला हुता, पर त्याच्यामागं गेलो न्हाय." संध्याकाळी चार वकील आणि दोन मास्तर अण्णांच्या मागोमाग रंकाळ्यावर एकेक पाऊल जाणीवपूर्वक टाकत निघत. मागून म्हशी घेऊन येणाऱ्या गवळ्याला वाट मिळेना. तो कडाडला, "ओ ध्यानवालं! म्हशी तुमच्यापरास सावध चालत्यात की! सरा बाजूला!" वकिलांना राग आला. अण्णा मात्र बाजूला झाले, म्हशी जाईपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर हाय त्याचं."

थट्टा इथवरच. कारण अण्णांसारखं ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एक म्हातारा पिंजारी कचेरीत नेहमी येई. त्याची कैफियत आजोबांपासून सुरू व्हायची, आणि ती वडिलांपर्यंत येण्याआधीच त्याला कुणीतरी बाहेर काढायचं. अण्णांनी त्याला समोर बसवलं आणि आख्खी दुपार ऐकलं. कैफियत संपली तेव्हा कळलं की म्हातारा जे मागत होता ते कधीच मंजूर होऊन पडलं होतं. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून ते त्याला सांगायचंही राहून गेलं होतं. जाताना म्हातारा म्हणाला, "काम झालं त्ये झालंच सायेब, पर तुमी ऐकलं ह्येच लई झालं." अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीबाहेर बघितलं. आपण मारलेल्या थापेला असं फळ धरलेलं बघवत नाही.

अण्णांचं दप्तर उचलून न्यायला मी रोज सकाळी त्यांच्या घरी जात असे. तिथं काकी होत्या, अण्णांची बायको. सुरुवातीला त्या मला बघून हरखत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तांबड्या रश्श्याचे जुने डाग होते. त्या दिवाळीला काकींनी भिंतीला चुना दिला. "दत्तू, तुझ्या गोसाव्याच्या तोंडात साखर पडू दे रं," त्या म्हणाल्या. "भिंत धरून बसायची मी, ताट कुठनं येईल म्हणून."

पुढं जेवताना घास बघणं सुरू झालं. अण्णा भाकरीचा तुकडा मोडत, तो हातात घेऊन ज्वारीची आठवण ठेवत, मग डोळे मिटून चावत बसत. चूल विझे, रस्सा थिजे. नवरा जेवून उठल्याशिवाय बाईनं जेवायचं नाही, तेही त्याच्याच ताटात, ही आमच्याकडची रीत. ती मोडावी असं त्या घरात कुणाच्या मनात आलं नाही, काकींच्याही नाही. पहाटेपासून दळण, पाणी, भाकरी करून थकलेली ती बाई हातात पळी धरून समोर बसून राही. भांडं वाजलं तर ध्यान मोडायचं, म्हणून हलायचीही चोरी. अण्णा जगातल्या प्रत्येक वस्तूकडे लक्ष देत होते आणि पळी धरलेला हात तेवढा त्यांना दिसत नव्हता.

एका सकाळी काकी आडावर पाणी ओढताना घेरी येऊन पडल्या. शेजारणींनी उचलून आणलं. मी दप्तर घ्यायला गेलो तर भिंतीला टेकून बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "त्या गोसाव्याला माझं एक इचार. बायकोनं कवा जेवायचं, एवढंच इचार. त्यो म्हणाला तर हे ऐकत्याल."

हे सोपं होतं. उपदेश माझ्याच घरचा. दुसऱ्या दिवशी अण्णा जेवायला बसले असताना मी उंबऱ्यातूनच सांगितलं, "गोसावी आलता अण्णासाहेब. म्हणाला, घरच्या लक्ष्मीला उपाशी ठिवून केल्यालं ध्यान फुकट. तिला संगं जेवायला बसीव."

अण्णांनी डोळे उघडले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मायेनं हसले. "असं न्हाय बोलायचा त्यो."

"बोलला की जी."

"दत्तू, मी त्याला वळकतो. तू नुसता निरोप्या. ऐकताना तुझं ध्यान दुसरीकडं हुतं." मग ते काकींकडे वळले आणि ज्या प्रेमानं पिंजाऱ्याशी बोलले होते त्याच प्रेमानं म्हणाले, "भूक लागली की भुकंकडं बघत ऱ्हायाचं. ती येती, थोडी थांबती, आन् जाती."

काकींनी माझ्याकडे बघितलं. आता काहीतरी बोल, असं त्या नजरेत होतं. बोलण्यासारखं एकच उरलं होतं: अण्णासाहेब, गोसावी नव्हता. पण मला कायम करायचं की नाही हे अण्णा त्याच आठवड्यात ठरवणार होते. मी दप्तराची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"भूक काय जाईना," काकी म्हणाल्या आणि पळी खाली ठेवली. "मीच जाते."

त्या गारगोटीला भावाकडे गेल्या. आणि मी कायम झालो.

काकी परत येतील अशी अण्णांची खात्री होती. आणायला मात्र ते गेले नाहीत, कारण वाट बघणं कसं असतं ते बघत होते. स्वतः भाकरी थापायचे, करपली की करपल्याचं जाणून खायचे. शिष्य मंडळींनी याला वैराग्य ठरवलं आणि त्यांची संख्या वाढली. फक्त एकदा, कचेरीची वाट चालता चालता, अण्णा थांबले. म्हणाले, "दत्तू, जेवण हल्ली लवकर संपतंय." मग पुढं चालू लागले. मी तेव्हाही सांगू शकलो असतो.

ओरडता ओरडता जाईल असं ज्याच्याबद्दल वैद्यांनी सांगितलं होतं तो हा माणूस अखेर खाटेवर शांत पडून गेला. शेवटच्या दिवसांत मी शेजारी बसायचो. त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "गोसावी भेटला तर सांग, श्वास बघतोय म्हणावं. अजून चालू हाय." मी "सांगतो" म्हणालो. काकी दिवसांना आल्या, भिंतीला टेकून बसल्या, कुणाशी फारसं न बोलता तेरावा उरकून गारगोटीला परत गेल्या.

काही वर्षांनी कामानिमित्त मी गारगोटीला गेलो, तेव्हा त्यांच्या दारात गेलो. त्यांनी दोन ताटं घेतली आणि माझ्याबरोबरच जेवायला बसल्या, गरम भाकरी चटचट मोडत. त्याआधी एक घास काढून ताटाबाहेर ठेवला. मला वाटलं, गाईचा.

"गाईचा न्हवं, गोसाव्याचा," काकी म्हणाल्या. "मला उपाशी ठिवलं त्यानं, त्यो राग हाय. पर ह्यांचं ताट भिरकावायचं त्याच्यामुळं थांबलं की. कुठं हिंडत असंल, कोण घालत असंल त्याला! पुन्हा दिसला का रं?"

"न्हाय दिसला," मी म्हणालो. काकींशी मी बोललेलं तेवढंच एक वाक्य अक्षरशः खरं होतं, आणि तेही त्यांना फसवण्यासाठीच वापरलं.

काकी अजून आहेत. त्यांना वाचता येत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. कदाचित त्यामुळेच हे लिहिताना हात चालला. गारगोटीला आता मोटार जाते, सकाळी निघालं तर त्यांच्या जेवणाच्या वेळेला पोचता येतं. त्या वेळी तो घास बाहेर निघायच्या आत, त्यांच्यासमोर बसून, गोसावी म्हणजे मीच होतो हे त्यांना सांगणं मी देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.