लॉनला पाडलेली भोकं

नवऱ्याची बायपास झाली तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. तो पुण्यात मुलीकडे, आणि मी दर दोन-तीन दिवसांनी घर बघायला कासार आंबोलीला. घरापुढचं लॉन त्यानं बारा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लावलेलं. मी तिथं गेले की फोन करून तो लॉन कसं आहे तेच विचारायचा, आणि घरी आलो की त्यावरच चालायचं, हेही ठरवून बसला होता.

मी छान आहे म्हणायचे. खरं तर पाणी दिवसदिवस साचून राहत होतं. गवत पिवळं पडलेलं, मधे हिरवं शेवाळ, त्यावरून मीच एकदा घसरले. छातीचे टाके ओले असताना हा इथं पडला तर, एवढंच डोक्यात घोळत राही.

पाणी मुरावं म्हणून घाईघाईत मी वाळू मागवायला निघाले. शेजारी भातशेती करणाऱ्या मावशी कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांनी अडवलं. म्हणाल्या, "ताई, वाळू नका टाकू. चिकण मातीत थोडी वाळू पडली की पार वीट व्हती. माती खाली गच्च बसलीया, पान्याला जायाला वाटच न्हाई."

मग लॉन उखडायचं का, मी घाबरून विचारलं. त्यांनी मान हलवली. घरून लोखंडी पाइपचा हातभर तुकडा आणला, टोक तिरकं कापलेला. पावसाची उघडीप होती, माती ओली पण चिखल नव्हे. पाइप ठोकायचा, मातीची कांडी उपसून काढायची, वीतभर सरकायचं. तीन दिवस आम्ही दोघी तेच करत होतो. कांड्या राखाडी, गुळगुळीत, आंबूस वासाच्या. भोकांत कुजलेलं, चाळलेलं शेणखत झाडूनं लोटलं. संपल्यावर लॉनकडे बघवेना. त्याचं बारा वर्षांचं काम मी त्यालाही ओळखू येणार नाही असं करून ठेवलं होतं. फोनवर मात्र पुन्हा छान आहे म्हटलं.

तो आला. गाडीतून उतरला आणि तसाच थांबला. मी बोलत सुटले, शेवाळाचं, घसरल्याचं, सगळं. त्यानं हातानं थांबवलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या छातीची भीती वाटत होती."

तो पायरीवर बसला. भोकांकडे बघत म्हणाला, "मी इतकी वर्षं वरूनच खत टाकत राहिलो."

त्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला. सकाळपर्यंत पाणी बरंचसं मुरलं. फाटकाजवळचा कोपरा तेवढा तसाच निसरडा राहिला. दिवाळीच्या सुमारास भोकांभोवती कोवळी पाती दिसू लागली. मावशी म्हणाल्या, दरवर्षी करावं लागंल, एकदा करून भागायचं न्हाई.

तो आता सकाळी चालतो. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची पावलं बघत राहते, आणि तो फाटकाकडे वळला की ओरडते, तिकडे नको.