मागच्या सीटवरची इंग्रजी कविता

भाईंदरमध्ये माझ्याइतक्या जुन्या इंग्रजी कविता ऐकलेला दुसरा रिक्षावाला दाखवा, मी बॅज परत करतो. त्यातली एकही मला कळली नाही, तो भाग सोडा. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, तेही घरी राहिलो तर बाप मिठागरात न्यायचा म्हणून.

कविता ऐकायच्या त्या बाई. जेसल पार्कला राहायच्या, कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. नजर अधू झाली, पुस्तक दिसेना, म्हणून फोनवर ऐकायच्या. आठवड्यातून तीनदा मी त्यांना गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात न्यायचो. कानात घालायचं ते बटण त्यांच्या कानात राहायचं नाही, मग फोन मांडीवर ठेवून मोठ्यानं लावायच्या.

पहिल्या दिवशी कोणीतरी माणूस जड आवाजात, सावकाश काहीतरी म्हणत होता. मला वाटलं चर्चची प्रार्थना. उत्तन, तारोडीचे ख्रिश्चन पॅसेंजर आपल्याकडं असतात, मान ठेवावा लागतो. मी हॉर्नला हात लावला नाही, आणि आवाज थांबल्यावर मान खाली घालून आमेन म्हटलं. आठवडाभर असंच. शेवटी बाईंनी विचारलं की तू रोज आमेन का म्हणतोस, आणि मग सांगितलं की ह्या कविता आहेत, दीडशे वर्षांपूर्वीच्या, व्हिक्टोरिया राणीच्या वेळच्या. मला व्हिक्टोरिया म्हणजे मुंबईतली घोडागाडी. म्हटलं, मग आमच्याच लाइनीतलं आहे की. बाई इतक्या हसल्या की फोन मांडीवरून खाली पडला.

तेव्हापासून कुठल्या कवितेत काय चाललंय ते थोडक्यात सांगायच्या. एक कविता त्यांची आवडती. एक माणूस घर सोडून कायमचा निघालाय, आई दारात दिवा घेऊन उभी आहे, तो उतारावरून चालतोय आणि मागं वळून बघू की नको ह्याच विचारात आहे. पुढं काय झालं विचारलं तर म्हणायच्या, ऐक, आवाजावरून कळेल. माझ्या हिशोबानं दर वेळी दवाखाना आधी यायचा. मग मी मुद्दाम खारी गावावरून लांबनं रिक्षा घ्यायला लागलो. तरी शेवट काही हाती लागला नाही.

मग त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. सामान टेम्पोत चढत होतं आणि बाई खुर्चीवर बसून होत्या. त्या कवितेचा शेवट तेव्हाच विचारायला हवा होता. मी काय बोललो? म्हटलं, बाई, पुण्याचे रिक्षावाले कविता ऐकू देणार नाहीत, स्वतःचीच ऐकवतील. त्या हसल्या. गाडी गेली.

आता त्या गेटसमोर आलो की माझा पाय ब्रेकवर जातो. वॉचमनला वाटतं भाडं शोधतोय. आरशात बघतो तर मागं दुसरंच कोणीतरी बसलेलं असतं. कॉलेजच्या एका मुलीनं माझ्या फोनात राणीच्या वेळच्या बऱ्याच कविता टाकून दिल्या. आवाज चांगला खणखणीत आहे. पण बाई प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द त्या माणसाबरोबर हळूच म्हणायच्या, तो आवाज त्यात नाही. परवा एक पॅसेंजर म्हणाला, "भैया, ये न्यूज है तो हिंदी में लगाओ ना."

घरात मी दोन-तीनदा त्या कवितेतल्या आईचा आणि दिव्याचा विषय काढला. बायको म्हणाली, "रोज मला काय विचारताव? फोन करा त्यांना. तोंड हाय ना तुमाला?"

चार महिन्यांनी केला. एका हाकेत ओळखलं त्यांनी. गुडघा बरा, पुण्यात थंडी जास्त, सून चांगली आहे, असं सगळं झालं. मग मी विचारलं, "बाई, त्या माणसानं मागं वळून बघितलं का हो? ती कविता आपली राहूनच गेली."

बाई शिकवायच्या आवाजात म्हणाल्या, "राहून नाही गेली. तीनदा संपली तुझ्या रिक्षात. शेवट आला की तू बोलायला लागायचास. शेवटच्या वेळी तर मला सीएनजीच्या लाइनीतलं भांडण सांगत होतास."