नळीसकट उभ्या राहिलेल्या मावशी

मी आयसीयूत फिजिओथेरपिस्ट आहे म्हटलं की हाटकेशमधल्या आमच्या सोसायटीतल्या बायका विचारतात, "तिथे कसला व्यायाम घेतेस गं? सगळे झोपलेलेच असतात ना?" तेव्हा मी त्यांना मावशींबद्दल सांगते.

मावशी साठीच्या, जुन्या भाईंदरच्या कोळीण. सगळं आयुष्य बाजारात मासळी विकण्यात गेलेलं. न्यूमोनियात श्वास पुरेना, म्हणून तोंडातून नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. आठवड्याने झोपेचं औषध कमी केलं आणि डॉक्टरांनी मला बोलावलं. "मावशी, माझा हात दाबा," मी म्हटलं. बोटं नुसती हलली. डोक्यावर भरलेली टोपली वाहणाऱ्या बाईला स्वतःचा हात छातीपर्यंत नेता येत नव्हता.

दोन दिवस अंथरुणातच पावलं वर-खाली, गुडघे दुमडणं असं चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांना पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवायचं ठरलं. त्यांचे यजमान भेटीच्या वेळेला आले होते. ते ऐकून भडकलेच.

"मॅडम, तोंडात नळी हाय तिच्या! बसवता कशाला? जरा पडू द्या की तिला."

"काका, पडून पडून ताकद रोज कमी होतेय. उद्या मशीन निघालं तरी चालायला अंगात काही उरायला हवं ना? जरा काही बिघडलं तर मी लगेच झोपवीन."

"न्हाय म्हणजे न्हाय."

मग मी मावशींनाच विचारलं. बोलता येत नसलं तरी त्यांना सगळं कळत होतं. "बसायचंय? हो असेल तर डोळे मिटा." त्यांनी डोळे मिटलेच नाहीत. नवऱ्याकडे रोखून पाहिलं आणि उजवा पाय चादरीवरून कडेकडे सरकवायला लागल्या. इंचभर गेला, थांबला, परत इंचभर. काका पलंगापाशी अडून उभे होते, ते बाजूला झाले.

डॉक्टर मशीनपाशी थांबले, सिस्टरने नळी सांभाळली, मी पाठीला आधार दिला. मावशींची मान सारखी पुढे पडत होती. काका समोर वाकून म्हणत होते, "वर बघ. माझ्याकडं बघ." चार मिनिटं बसल्या. घामाने गाऊन भिजला, पण मॉनिटरवर सगळं ठीक होतं.

मध्ये एक दिवस ताप आला, तेव्हा काहीच केलं नाही. त्यानंतर मात्र त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. मशीन अजून श्वास देत होतं, आणि मावशी जागच्या जागी पावलं उचलत होत्या. मी मोजत होते. दहावर थांबा म्हटलं तर त्यांनी बारा केली.

पुढे दोन दिवसांनी नळी निघाली. आवाज घोगरा, फुटेना. मी कान जवळ नेला.

"पोरी, तुझे हात लय गार हायत. कवाधरनं सांगायचं व्हतं."

सिस्टर तर हसून हसून भिंतीला टेकली. मी लाजले, आणि मनातून इतकी खूश झाले की जेवायला बसल्यावरही हसत होते.

घरी जायच्या दिवशी वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन आला. मावशींनी ती नाकारली. मी शेजारून चालत होते, नुसती हात लावण्यापुरती. लिफ्टपर्यंत त्या चालत गेल्या आणि मागून काकांनी व्हीलचेअरमध्ये पिशव्या ठेवून आणल्या.