वहीत नसलेलं वाक्य

नाटकाची जुनी वही आज सापडली. पानांना अजून मिशा चिकटवायच्या डिंकाचा वास येतोय.

पालीच्या जत्रेतलं नाटक होतं. माझे वडील, म्हणजे आबा, आणि काका सख्खे भाऊ, पण आजी गेल्यापासून फक्त नाटकातच एकमेकांशी बोलायचे. मी विंगेत वही धरून प्रॉम्प्टर. काकांचं स्वगत आलं. स्वगत प्रेक्षकांनी ऐकायचं, शेजारच्या पात्रानं नाही. काका थबकले, मग म्हणाले, "आई गेली तवा म्या यायला पायजे व्हतं, दादा."

हे वहीत नव्हतं! माझं बोट ओळींवरून सैरभैर फिरू लागलं. आबा काकांकडे वळले, त्यांचे ओठ हलले.

आबा वाक्य विसरले नव्हते, हे आज कळतं. तेव्हा मी घाबरून वहीतलं पुढचं वाक्य सुचवलं, आणि आबांनी मुकाट्यानं तेच म्हटलं.