विहिरीच्या काठावर पालथा

सरकारी माणसाने आपल्या वरिष्ठांपासून काहीही लपवू नये, असं माझं ठाम मत आहे. हे मत निवृत्तीनंतरचं आहे. नोकरीत होतो तेव्हा एक गोष्ट मी लपवत आलो. मला फिट येते.

वारंवार नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या, झोप पुरी झाली, उपास घडला नाही, तर वर्ष-दीड वर्ष निभावतं. पहिल्यांदा पडलो तो नांदेडला, शाळेत. शुद्धीवर आलो तेव्हा गुरुजींची चप्पल माझ्या नाकाला लावलेली होती. चप्पल हुंगवली की फिट उतरते, अशी आमच्याकडे समजूत आहे. आणि फिट दोन मिनिटांत आपोआपच उतरत असल्यामुळे ती कधी खोटी ठरत नाही. त्यानंतर वर्गात माझ्या शेजारी बसायला कुणी तयार नसायचं, चप्पल पुढे करायला मात्र सगळे तयार.

गल्लीतल्या बाया आईला म्हणाल्या, पोराला माहूरला ने, देवीची ओटी भर. धम्म स्वीकारल्यापासून आईने देवांचा विषय बंद केला होता. तो माझ्यासाठीही उघडायला ती तयार झाली नाही. ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी गोळ्या दिल्या आणि कशापासून लांब राहायचं ते सांगितलं: आग, उंची, वाहन चालवणं, विहीर. विहीर त्यांनी दोनदा सांगितली.

महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो तेव्हा छापील फॉर्मवर प्रश्न होता, फिट, वेड, क्षय यांपैकी काही आहे काय. मी ‘नाही’ लिहिलं. आमच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी. ती कोणत्या जागेवर मिळाली हे कचेरीत सगळ्यांना पाठ होतं, आणि माझ्यात काही खोट निघते का, याकडे दोघा-चौघांचं बारीक लक्ष होतं. त्यांना ती आयती नेऊन द्यावी असं मला वाटलं नाही.

पुढे लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि माझी तिकडे बदली झाली. नव्या जिल्ह्यात उत्साह पुष्कळ होता. दर आठवड्याला कशाचं तरी उद्घाटन असे आणि प्रत्येक वक्ता विकासाची गंगा दारात आल्याचं सांगे. मग पाऊस गेला. गंगेचा उल्लेख भाषणांतून हळूहळू कमी झाला आणि आम्हाला विहिरी मोजायला पाठवण्यात आलं.

काम असं होतं. गावातल्या ज्या खाजगी विहिरीला थोडंफार पाणी असेल ती गावासाठी ताब्यात घ्यायची. त्याआधी एका कारकुनाने जाऊन दोरीला दगड बांधून आत सोडायचा, ओली झालेली दोरी मोजायची आणि पाणी किती ते लिहायचं. हे काम कुणालाच नको होतं. ऊन, धूळ, एसटीचे धक्के, वर विहीरमालकाच्या शिव्या. कचेरीत कंबरदुखीची साथ आली. ज्यांची कंबर ठीक होती त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं. सूट मागणाऱ्या अर्जांचा गठ्ठा नायब तहसीलदारांच्या टेबलावर वाढत गेला. त्यात खरं कारण असलेला अर्ज बहुधा माझाच ठरला असता, म्हणून मी तो दिला नाही.

उदगीरच्या बाजूची गावं माझ्याकडे आली. तिकडच्या विहिरी खडकात फोडलेल्या, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. पाणी इतकं खाली गेलेलं की बुडण्याची भीती नव्हती. फक्त पडण्याची होती. मी माझ्यापुरता तोडगा काढला. काठावर पालथा पडायचो, डोकं तेवढं बाहेर काढायचो आणि गावच्या कोतवालाला पाय धरायला सांगून दोरी सोडायचो. उभ्याने नीट दिसत नाही, असं सांगायचो. लोक कौतुकाने बघत. शर्टाला माती लावून मोजणी करणारा सरकारी माणूस त्यांनी पाहिला नव्हता. ही बातमी नायब तहसीलदारांपर्यंत गेली. त्यांनी मीटिंगमध्ये माझं उदाहरण दिलं आणि बक्षीस म्हणून आणखी गावं माझ्या यादीत घातली.

आता उन्हात दिवस, गावात मुक्काम, अर्धवट झोप. गोळी घेतली की नाही तेच आठवायचं नाही.

एका दुपारी असाच काठावर पडलो होतो. माझे पाय त्या गावच्या कोतवालाने धरले होते, साठीचा वाळकासा माणूस. दोरी अर्धी गेली असेल. नाकात एकदम जळक्या रबराचा वास आला. तो वास फक्त मलाच येतो आणि त्याचा अर्थ मला माहीत आहे. पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी बाभळीखाली होतो. नाकाशी चप्पल होती. कोतवालाने मला पायांना धरून ओढत तिथवर आणलं होतं. छाती सोलून निघाली होती. विहीरमालक जेवायला गेला होता, म्हणून आम्ही दोघंच.

“भाऊसाहेब, ह्ये आधीपासनं हाय व्हय?”

मी मान हलवली.

“आन् हितं हिरीवर येऊन काय करायलाव?”

मी फक्त म्हणालो, कुणाला सांगू नका.

“म्या कुनाला सांगतुय? आमच्या मेव्हण्यालाबी हाय.” त्याने चप्पल पायात घातली. “पर म्होरल्या गावात पाय धराया म्या न्हाई.”

नोकरीत मला बऱ्याचदा लेखी समज मिळाली आहे. इतकी स्पष्ट एकही नव्हती.

लातूरला परतलो. शर्ट काढताच बायकोने छाती पाहिली, हळद लावली आणि विचारलं, आता सांगणार का? तिला सगळं माहीत होतं. मी म्हणालो, सांगितलं तर नोकरी जाईल. ती म्हणाली, नाही सांगितलं तर तुमच्या जागी मी अनुकंपा तत्त्वावर लागेन, पण मला टायपिंग येत नाही. मी अर्ज लिहायला बसलो. ‘मला फिट येते’ हे वाक्य तीन कागदांवर लिहिलं आणि तिन्ही फाडले. ते लिहिलं की फॉर्मवरचं ते जुनं ‘नाही’ खोटं ठरत होतं. कागदावर मला एकतर आजारी राहता येत होतं किंवा प्रामाणिक.

दुसऱ्या दिवशी कागद न घेताच नायब तहसीलदारांकडे गेलो. देगलूरकडचे, रिटायरमेंटला आलेले, कुणावर फारसा जीव नसलेले गृहस्थ. मान वर न करता त्यांनी विचारलं, “तुझीबी कंबर का?”

“कंबर नाही साहेब. मला फिट येते.”

त्यांनी चष्मा काढला. मी विहिरीचं सांगितलं. पालथा का पडायचो ते सांगितलं. आपण मीटिंगमध्ये कशाचं कौतुक केलं हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी अर्जांचा गठ्ठा बाजूला सारला.

“लागताना फॉर्मवर काय लिहिलं व्हतंस?”

“नाही म्हणून.”

“मग आता हाय म्हणून लिहिलास तर मलाच तुझी चौकशी लावावी लागंल.” त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. “कावीळ लिही. काविळीला कुणी काही विचारत न्हाई.”

मी कावीळ लिहिली. तालुक्याच्या एका डॉक्टरने माझे डोळे न बघता दाखला दिला. पंधरा दिवसांनी कामावर आलो तेव्हा मला टँकरच्या नोंदीचं टेबल मिळालं आणि माझ्या यादीतल्या विहिरी कंबर दुखणाऱ्यांपैकी एकाला गेल्या. साहेब पुढच्या वर्षी निवृत्त झाले. जाताना नव्या साहेबांना त्यांनी एवढंच सांगितलं, की याचं लिव्हर नाजूक आहे, याला फिरतीवर पाठवू नका.

त्यानंतर तीन दुष्काळ झाले आणि प्रत्येक वेळी मला कावीळ झाली.

माझ्या निरोप समारंभात प्रकृतीची साथ नसताना मी कर्तव्य कसं निष्ठेने बजावलं, यावर चार भाषणं झाली. सगळ्यांना चहा होता. मला उसाचा रस मागवला होता.